खिडकीजवळची खुर्ची

सरांची हॉस्पिटलातली खोली रिकामी करायला सगळं घर आलं होतं, आणि बराच वेळ झाला तरी एक कपाटही धड रिकामं झालं नव्हतं. कोणी पुस्तक खोक्यात घातलं की सर ते बाहेर काढत आणि म्हणत, ‘राहू दे, पुढच्यांना लागेल.’ आपण निवृत्त झालेलो नाही, आपल्याला वयाने निवृत्त केलं आहे, हा फरक त्यांनी सकाळपासून प्रत्येकाला एकदा तरी समजावून सांगितला होता. शिपायालाही.

‘बाबा, हे पुस्तक तुम्ही तिसऱ्यांदा बाहेर काढताय,’ धाकटा म्हणाला.

‘तिसऱ्यांदा घातलंस कशाला मग?’

धाकट्याने हातातलं दुसरं पुस्तक खाली ठेवलं. परदेशात त्याच्या हाताखाली पाचसहा डॉक्टर होते, पेशंटना भेटीसाठी वाट बघावी लागायची. पण या खोलीत शिरला की तो परीक्षेला उशिरा आलेला विद्यार्थी व्हायचा. आज तर त्याला आणखी एक धाकधूक होती. सकाळी आईने त्याला स्वयंपाकघरात गाठलं होतं.

‘आज तो विषय निघेल. निघाला की तू बाबांच्या बाजूने बोल.’

‘मी? आणि तू?’

‘मी काहीच बोलणार नाही. मी बोलले तर ताईला लगेच कळेल.’

धाकट्याला आधी खरंच वाटेना. आईने जन्मात कधी ताईच्या विरुद्ध बाजू घेतली नव्हती. ताईने वखारवाल्याशी लग्न ठरवलं तेव्हा सर आठवडाभर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राआड बसले होते, आणि आईने ते वर्तमानपत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. ती आई आता ओट्याचं फडकं पिळत, त्याच्याकडे न बघता त्याला आपल्या कटात ओढत होती. तो ‘बरं’ म्हणाला, कारण त्याचाही यात स्वार्थ होता. ताई परत आई-बाबांजवळ या शहरात आली, तर तिकडे रात्री फोन वाजल्यावर त्याला घरचं काही वाईट कळेल अशी धास्ती वाटणार नव्हती.

विषय तसा सरळ होता. मानसोपचाराचे डॉक्टर कसे घडवायचे, हे ठरवणारं एक मंडळ होतं. सर त्याचे अध्यक्ष. आजवरची रीत अशी, की ज्याला शिकायचं आहे त्याने या मोठ्या हॉस्पिटलात येऊन सलग तीन वर्षं राहायचं. मध्ये खंड पडला तर आधीचं सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जागा मोजक्या. शिकून झाल्यावर निम्मे परदेशी जात, उरलेले याच शहरात दवाखाना थाटत, आणि बाहेरच्या गावांना वर्षानुवर्षं कोणी मिळत नसे. आता मंडळापुढे नवा ठराव आला होता. डॉक्टरने आपल्याच हॉस्पिटलात काम करता करता शिकावं, आठवड्याला एक दिवस शिकवणाऱ्याने तिकडे जावं, आणि खंड पडला तरी आधीचं काम धरावं. मंडळातले निम्मे बाजूने, निम्मे विरुद्ध. बैठक आज दुपारी तीन वाजता, समोरच्याच इमारतीत. सर मान जिकडे हलवतील तिकडे निकाल लागणार होता. अध्यक्ष म्हणून ती त्यांची शेवटची बैठक.

आणि थोरलीचं, म्हणजे ताईचं, दीड वर्ष पुसलं गेलेलं होतं. जुळ्यांच्या वेळी तिला पडून राहायला सांगितलं होतं, त्याला आता नऊ वर्षं झाली.

थोरली सगळ्यांत शेवटी आली. खिंडीपलीकडच्या आपल्या गावाहून पहाटे निघूनही उशीर झालाच होता. आल्या आल्या तिने दारातच आईच्या गळ्यात हात टाकला, धाकट्याच्या पोटावर थाप मारली आणि म्हणाली, ‘ढब्बू, परदेशात जिने नसतात का रे?’

‘तू वाळलीस,’ आई म्हणाली.

‘तू दर वेळी हेच म्हणतेस. खरं असतं तर एव्हाना मी दिसलेच नसते.’

मग तिने दारातूनच विचारलं, ‘बाबा, येऊ का आत?’

सरांनी वर पाहिलं. ‘ये. विचारतेस काय.’

पण ती नेहमी विचारायची. सरांच्या खोलीत विचारल्याशिवाय कोणी शिरत नसे. लहानपणी मात्र ती शाळा सुटली की थेट आत घुसायची आणि पेशंट संपलेले असले तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून गणितं सोडवायची. तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नसत.

त्या खुर्चीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच खुर्चीवरून पेटलं. सरांच्या खोलीत तीन खुर्च्या. एक त्यांची, एक टेबलापलीकडे पेशंटची, आणि तिसरी पेशंटच्या मागे, जरा तिरकी, खिडकीला लागून. तिसरी शिकणाऱ्याची. पहिले सहा महिने तिथे बसून तोंड उघडायचं नाही, असा सरांचा दंडक होता. ‘तोंडाकडे मी बघतो, तू हात बघ,’ ते सांगत. पेशंट बाहेर गेला की एकच प्रश्न: ‘हात काय म्हणत होते?’ कोणी पुस्तकातलं उत्तर दिलं तर सर काही न बोलता पुढच्या पेशंटची बेल वाजवत. आणि संध्याकाळी दारातून बाहेर पडताना प्रत्येकाला एवढंच म्हणत, ‘उद्या वेळेवर.’ त्यावर ‘हो सर’ म्हणून जायचं. बस्स.

थोरली या खुर्चीत शिकायला कधीच बसली नव्हती. नात्यातल्या माणसाला आपण शिकवायचं नाही, हा नियम सरांनीच तरुणपणी करून घेतला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ती शिकायला आली तेव्हा समोरच्या युनिटमध्ये गेली. दीड वर्ष ती व्हरांड्यातून येता-जाता या दाराकडे बघायची.

‘ही खुर्ची कुठे जाणार?’ तिने विचारलं.

‘भांडारात,’ धाकटा म्हणाला. ‘नव्या साहेबांनी गुबगुबीत मागवल्यात.’

‘गुबगुबीत खुर्चीत बसून हात दिसणार आहेत का कोणाला?’ सर पुटपुटले. मग न राहवून म्हणाले, ‘आणि तुमच्या त्या ठरावात तर खुर्चीच नाही. आठवड्याला एक दिवस कोणीतरी येणार, चहा पिणार, सही करणार, जाणार. असा मानसोपचार शिकतात?’

निघाला विषय. आईने थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं आणि धाकट्याकडे पाहिलं.

‘बाबांचं बरोबर आहे, ताई,’ धाकटा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. ‘रोज शेजारी कोणी बसल्याशिवाय हे काम येत नाही. दर्जा खाली येईल.’

‘दर्जा,’ थोरली म्हणाली. ती एका खोक्यावर बसली. ‘बरं. मी काय करते ते सांगू? आमच्याकडे मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, तेही रस्ता चालू असला तर. बाकीचे दिवस माझी खोली. मी ताप-खोकल्याची डॉक्टर. पण ज्यांना झोप येत नाही, ज्यांना आवाज ऐकू येतात, ज्याने विहिरीपाशी जाऊन परत आल्याचं बायकोलाही सांगितलेलं नाही, ते सगळे ताप आला म्हणून माझ्याकडे येतात. मी काय, त्यांना गोळी देऊन पाठवू? मी बसते त्यांच्याबरोबर. मला जेवढं येतं तेवढ्यावर. आणि ते गेले की मला विचारायला कोणी नसतं, हात काय म्हणत होते म्हणून.’

‘म्हणून तर सांगतोय, इथे ये,’ सर म्हणाले.

‘बाबा, मी इथे आले तर तिथे कोण बसेल?’

‘तीन वर्षांनी परत जाशील.’

‘कोण गेलंय आजपर्यंत परत?’

धाकटा दुसरीकडे बघायला लागला. हे त्याला उद्देशून नव्हतं, पण लागायचं तिथे लागलं.

‘मला सोपी पदवी नकोय,’ थोरली म्हणाली. ‘तुम्हाला तसं वाटतं ना? मला कोणीतरी येऊन माझ्या पेशंटच्या मागे बसायला हवंय. आठवड्याला एक दिवस का होईना. चुकले तर चुकलीस म्हणायला. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी माझ्यासमोर तासभर हसून बोलली. दोन दिवसांनी तिला बेशुद्ध आणलं. वाचली ती. पण तिचे हात त्या दिवशी काय करत होते, ते मला आजही आठवत नाही. मी तोंडाकडेच बघत बसले होते.’

खाली कोणाच्या तरी गाडीचा भोंगा अडकल्यासारखा वाजत राहिला आणि मग थांबला.

‘मी खोटं बोललो,’ धाकटा एकदम म्हणाला.

‘ढब्बू?’

‘तिकडे असंच शिकवतात, ताई. गेली चार वर्षं मीच शिकवतोय. दर बुधवारी दोन तास गाडी चालवून एका छोट्या हॉस्पिटलात जातो आणि कोपऱ्यात बसतो. मागे बसतो. हात बघतो.’ तो सरांकडे वळला. ‘तुमचाच प्रश्न विचारतो त्यांना, त्यांच्या भाषेत. बाबा, येतं हो त्यांना. काही जणांना तर माझ्यापेक्षा चांगलं येतं.’

‘मला कधी सांगितलं नाहीस,’ सर म्हणाले.

‘तुम्ही बेल वाजवाल म्हणून.’

सरांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. परक्या मुलांना आपला प्रश्न विचारला जातोय, आणि आपली मुलगी खिंडीपलीकडे एकटी बसून तोच प्रश्न स्वतःला विचारतेय, हे त्यांना एकाच वेळी समजलं, आणि कुठे बघावं ते कळेना.

‘मग आता उलट का बोललास?’ थोरलीने भावाला विचारलं.

धाकट्याने आईकडे पाहिलं. तेवढं पुरेसं होतं.

‘आई?’

आई उभी होती. सकाळपासून तिचे गुडघे दुखत होते आणि बसायला जागा नव्हती. सरांच्या खुर्चीत सर, खोक्यांवर मुलं, बाकड्यावर पुस्तकांचे ढीग. खिडकीजवळची खुर्ची खोक्यांपलीकडे होती; हाताशी रिकामी होती ती फक्त पेशंटची खुर्ची. सर या हॉस्पिटलात लागले तेव्हा ती नवी नवरी होती. तेव्हापासून ती या खोलीत डबा घेऊन आली, छत्री घेऊन आली, एकदा तर त्यांनी विसरलेला चष्मा घेऊन धावत आली. पण त्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती. बसू नये असंच वाटायचं. आज ती बसली.

आणि सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘बोला.’

पेशंट समोर बसला की ते एवढंच म्हणायचे. बायकोला त्यांनी आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. धाकट्याला हसू फुटलं, पण आईचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

‘बोलते,’ आई म्हणाली. ‘मीच सांगितलं ह्यांना, ठरावाला नाही म्हणा. ढब्बूलाही मीच पढवलं. आता मला वाईट म्हणायचं तर म्हणा.’

थोरली खोक्यावरून उठली. कुठे जावं ते न कळून ती खिडकीपाशी गेली आणि तिथल्या खुर्चीत बसली. तिथून तिला आईची पाठ आणि बाजूने मांडी दिसत होती, मानेवर सुटलेले पांढरे केस दिसत होते, आणि टेबलापलीकडे बाबा.

‘का?’ सरांनी विचारलं. ते नेहमी विचारायचे तसंच, हळू.

‘तुम्हाला माहीत नाही का? की मी सांगायला पाहिजे? सांगते. मला माझी मुलगी घरी हवीय. तिची खोली मी अजून दर शनिवारी झाडते. तुम्ही म्हणता, तिथे आता तुमची पुस्तकं ठेवू. मी ठेवू देत नाही. तीन वर्षं तर तीन वर्षं, ती इथे येईल, संध्याकाळी थकून घरी येईल, चप्पल दारात भिरकावेल, मी ओरडेन. एवढंच मला हवंय. जुळी येतील, घर डोक्यावर घेतील. नियम बदलला तर ती कशाला येईल? तिला तिथेच सगळं मिळालं तर ती कधीच यायची नाही. ती यायची नाही हो.’

तिने पदर डोळ्यांना लावला नाही. ती तशीच ताठ बसली.

‘ती बरोबर आहे, हे मला कळतं,’ आई पुढे म्हणाली. ‘तिकडच्या बायांना तिची गरज आहे, कळतं. मी काही अडाणी नाही. पण मलाही तिची गरज आहे. एवढी वर्षं मी कोणाला म्हटलं नाही, कारण या घरात गरज फक्त पेशंटला असते. आज इथे बसलेय म्हणून म्हणते.’

सर ऐकत होते. त्यांनी या खुर्चीतून इतक्या माणसांची इतकी दुःखं ऐकली होती, की आपण ऐकताना हलत नाही याची त्यांना खात्री होती. मंडळापुढे बोलायचे मुद्दे त्यांनी पाठ केले होते. दर्जा, परंपरा, गुरूचं सान्निध्य. सगळे खरे मुद्दे होते. पण काल रात्री झोप लागता लागता त्यांनी जे पाहिलं होतं, ते यातलं काहीच नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं, की संध्याकाळी सहाच्या सुमाराला व्हरांड्याच्या पलीकडून थोरली येते, पर्स खांद्यावर टाकते, आणि दोघं एकाच गाडीतून घरी जातात. नियमामुळे शिकवायला मिळणार नाही, ठीक आहे. आणि आता तर आपण इथे असणारही नाही, हेसुद्धा स्वप्नात त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तरी गाडी होती, आणि ती शेजारी बसलेली होती.

‘झालं?’ त्यांनी विचारलं.

‘झालं,’ आई म्हणाली. ‘बरं वाटलं. तुमचे पेशंट का येतात ते कळलं.’

ती टेबलाला धरून उठली. धाकट्याने तिला हात दिला. ‘चल, खाली गाडीत बसू जरा,’ तो म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने एक खोकं उचलून तो तिला घेऊन गेला. जिन्यावरून दोघांचं बोलणं थोडा वेळ ऐकू येत राहिलं. तो काहीतरी सांगत होता आणि ती म्हणत होती, ‘पुरे रे, मला माहितेय.’

खोलीत दोघंच उरली. थोरली अजून खिडकीजवळ बसली होती. आता तिचे पाय व्यवस्थित जमिनीला टेकत होते. तिला लहान व्हावंसं वाटत होतं. आईचं प्रत्येक वाक्य तिला ओळखीचं होतं. तिकडे तिच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या आया हेच सांगायच्या, आणि ती त्यांना पाणी द्यायची. स्वतःच्या आईला तिने पाणीसुद्धा दिलं नव्हतं. आणि तरी तिला उद्या सकाळी दवाखान्यात पोचायचं होतं. ती मुलगी यायची होती, ती हसणारी.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘हात काय म्हणत होते?’ त्यांनी विचारलं.

थोरलीला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. एवढी वर्षं तिने हा प्रश्न दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. व्हरांड्यात, कँटीनमध्ये, सरांची नक्कल करून हसणाऱ्या मुलांकडून. तिला तो कोणी विचारला नव्हता.

‘आईचे मांडीवर होते,’ ती म्हणाली. ‘उघडे. काही मागत नव्हते. तिला माहीत होतं की मिळणार नाही. ती फक्त सांगत होती.’

सरांनी मान हलवली.

‘पण मी जास्त करून तुमचे बघत होते,’ थोरली म्हणाली.

‘माझे?’

‘तुम्ही टेबलाची कड धरली होती. दोन्ही हातांनी. आई ‘ती यायची नाही’ म्हणाली तेव्हा बोटं पांढरी पडली. अजून सोडलेली नाहीत.’

सरांनी खाली पाहिलं. खरंच सोडली नव्हती. त्यांनी एकेक बोट मोकळं केलं आणि हात टेबलावर ठेवले, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिले.

‘दर्जाबिर्जा सगळं खरं आहे,’ ते शेवटी म्हणाले. ‘पण मी त्यासाठी नाही म्हणत नव्हतो. मला वाटलं होतं, नियम तुला घेऊन येईल. मी स्वतः कधी म्हटलं नाही, ये म्हणून. नियमावर टाकलं.’

‘म्हटलं असतंत तरी मी आले नसते, बाबा.’

‘ते आता कळलं.’

‘पण मला आवडलं असतं, तुम्ही म्हटलेलं.’

सर उठले. तीन वाजत आले होते. त्यांनी कोट घातला आणि बैठकीचे कागद टेबलावरच राहू दिले.

‘होकार देतो,’ ते म्हणाले. ‘एक अट घालीन. येणाऱ्याने पेशंटच्या मागे बसलंच पाहिजे, पूर्ण दिवस. चहा प्यायचा असेल तर तिथेच.’

‘आईला काय सांगू?’

‘तिला मी सांगतो. तिला आधीच माहीत असेल.’ ते खुर्चीजवळ आले. ‘तुझ्या खोलीत खिडकी कुठे आहे?’

‘माझ्या डाव्या हाताला.’

‘मग ही खुर्ची घेऊन जा आणि पेशंटच्या मागे, त्याच भिंतीला लागून ठेव. उजेड बसणाऱ्याच्या पाठीवर पडला पाहिजे, डोळ्यांवर नाही. ढब्बूला सांग, गाडीत मागच्या सीटवर आडवी घाल. पाय काढू नका, डगमगेल.’

‘बाबा, तिच्यात बसायला तुम्ही नसणार.’

‘नाही. मला चालणार नाही. नात्यातलं माणूस.’ नियम त्यांचाच होता, त्यामुळे कोणावर चिडायचीही सोय नव्हती. ‘माझीच एखादी विद्यार्थिनी पाठवतील. चांगली बघून पाठवायला सांगतो.’

त्यांनी हात पुढे केला, बहुधा तिच्या डोक्यावर ठेवायला, पण खुर्चीच्या पाठीवर ठेवला. लाकूड तिथे एवढ्या वर्षांच्या पाठींनी गुळगुळीत झालं होतं. मग ते दाराकडे गेले. दारात थांबले. रोज संध्याकाळी थांबायचे तिथेच, तसेच, अर्धे वळून.

‘उद्या वेळेवर,’ ते म्हणाले.

उद्या ती खिंडीपलीकडे असणार होती, आणि ते घरी.

‘हो सर,’ थोरली म्हणाली.